अस्वलाचं लायसन्स

बाबा, मी अस्वल मारायचं लायसन्स काढलं. रागवायचं तर खुशाल रागवा, आता माझं काही वाकडं करू शकत नाही तुम्ही. बंदुकीची परीक्षा वेगळी, शिकारीची वेगळी. दोन्ही पहिल्या झटक्यात पास! इथे ओंटारियोत सगळं नियमानं चालतं. सीझन ठरलेला, एका टॅगवर, म्हणजे परवान्याच्या चिठ्ठीवर, एकच अस्वल, अंगात भडक नारिंगी जॅकेट, मांस वाया घालवायचं नाही. लेक म्हणते, "मॉम, दॅट्स सो ग्रॉस." इथल्या भीमजयंतीच्या जेवणात एका काकांनी पंचशीलाची आठवण करून दिली, जीवहत्या करायची नाही म्हणून. म्हटलं, काका, तुमच्या ताटातलं चिकन काय स्वतःहून चालत आलं?

तुम्ही फॉरेस्ट गार्ड. मी सातवीत होते, तेव्हा चंद्रपूरकडच्या जंगलात अस्वलानं तुमचा डावा डोळा आणि अर्धा गाल फाडला. गावातली माणसं कुऱ्हाडी घेऊन निघाली, तर तुम्ही तोंडाला पंचा दाबून खाटेवरून ओरडताय, "त्याला हात लावाल तर एकेकावर केस करीन!" लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं. आई मात्र कित्येक महिने भात कुस्करून भरवत राहिली, आणि मी पालकसभेची चिठ्ठी तुम्हाला कधी दाखवलीच नाही. लाज वाटायची मला तुमच्या तोंडाची. अस्वलाची बाजू घेतलीत, आमची कधी घेतलीत हो? विचारायच्या आत तुम्ही गेलात. तेव्हाच ठरवलं होतं, एक तरी पाडीनच.

परवा, मे महिन्यातली दुपार. माझ्या ओटावाच्या ऑफिसातली एक सीनियर बाई, लहानपणापासून शिकार करणारी, तिच्यासोबत मचाणावर बसलेय. काळं अस्वल झाडीतून बाहेर येतं, आडवं उभं राहतं आणि निवांत गवत खायला लागतं. नेम बसलाय. ती कुजबुजते, "टेक इट, यू आर गुड." मी बंदुकीची सेफ्टी परत लावते. "पिल्लं दिसली," म्हणते. या सीझनला पिल्लंवाली मादी मारायची नाही, असा नियम आहे. ती लगेच मान डोलावते. परतताना गाडीत माझ्या नजरेचं कौतुकसुद्धा केलं तिनं.

तुमच्यासाठी सोडलं, असं मुळीच समजू नका. माझा राग आहे तिथेच आहे, आणि सीझनही अजून संपलेला नाही. हा ईमेल ड्राफ्ट्समध्येच राहणार, म्हणून लिहितेय. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून मी दोनदा नीट पाहिलं होतं, बाबा. पिल्लं नव्हती.