चार टक्के

सोमवार, ३
पुन्हा अकरा टक्के! प्रयोगशाळेत नवा हृदयपंप नळीच्या वेढ्याला जोडला, त्यातून माणसाचं ताजं रक्त सहा तास फिरवलं, आणि शंभरातल्या अकरा प्लेटलेट चवताळल्या. पात्याच्या आणि कवचाच्या मधल्या चिंचोळ्या फटीत त्या घासल्या जातात, आणि कुठेच जखम नसताना जखम झाली असं समजून चिकट होतात. मग गुठळी. फटीतून जायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पण तेच रक्त पुन्हा पुन्हा जातं, आणि प्लेटलेट मागचं काही विसरत नाहीत.

इंजिनिअर वैतागला. "जुन्या पंपात चारच होते हो मॅडम! मी कुठे माती खाल्ली?"

तो जुना पंप गेल्या वर्षी मीच तपासला. आज तसाच एक दादाच्या छातीत आहे.

मंगळवार, ४
डोकं ठणकत होतं. नवऱ्याने गोळी दिली. लवकर झोपले.

बुधवार, ५
दादाकडे गेले. कमरेला बॅटऱ्या बांधून स्वारी मजेत. "तुझ्या सहीवर जगतोय, बाई. जपून सही करत जा." वहिनीने डोळे वटारले.

हिरड्यांतून रक्त येतं म्हणून डॉक्टरांनी त्याची रक्त पातळ करणारी गोळी अर्ध्यावर आणली आहे. "या पंपाचा अहवाल उत्तम आहे, एवढी पुरेल," म्हणाले म्हणे. अहवाल माझा. बरं वाटलं. लिहायला लाज वाटते — पण वाटलं.

शुक्रवार, ७
पात्यांना नवी झिलई देऊन पंप परत आला, पण ठरलेला रक्तदाता सर्दीने आडवा. मीच हात पुढे केला. 'दहा दिवसांत कोणतीही गोळी घेतलेली नाही' — खूण, सही.

तीन टक्के! इंजिनिअर माझ्या पाया पडायचा तेवढा बाकी होता. साहेब म्हणाले, "आता तुमचंच रक्त साठवून ठेवू!"

शनिवार, ८
अहवालासाठी तारखा जुळवताना ही वही चाळली. मंगळवार: 'नवऱ्याने गोळी दिली.'

कुठली?

ड्रॉवरमध्ये पाकीट सापडलं. ॲस्पिरिन. एका गोळीने प्लेटलेट आठवडाभर सुस्त राहतात — मीच सगळ्यांना बजावत असते! ते तीन टक्के पंपाचे की गोळीचे, कोण सांगणार?

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं," नवरा म्हणाला. खरंय. न बघता गिळली, न आठवता सही केली.

तासभर मनात आलं, कुणाला कळणार आहे? तेही इथे लिहून ठेवते.

सोमवार, १०
सांगितलं. साहेबांनी शुक्रवारचा निकाल खोडला, दुसरा दाता बोलवायला सांगितलं. 

बुधवार, १२
दुसऱ्या दात्याचं रक्त. बारा टक्के.

इंजिनिअर दोन्ही पंपांचे आराखडे घेऊन आला. म्हणाला, "फट तीच. वेग तोच. मग जुन्याचे चार आले कुठून?"

 जुने कागद काढले. तिन्ही चाचण्यांना रक्त एकाच माणसाचं — आमचं भांडार सांभाळणारे काका. घरच्यासारखा माणूस, धडधाकट, कधीही तयार! अर्ज मीच भरायचे. "काका, काही औषध चालू?" "छे!" खूण. पुढचा प्रश्न.

अर्जावर 'गोळी' छापलंय. मी 'औषध' विचारत होते.

उद्या नीट विचारते.

गुरुवार, १३
"औषध? आजारी माणसं घेतात औषध! माझी ती बारीकशी पांढरी गोळी, सकाळी चहाबरोबर. पाच वर्षं झाली. रक्त पातळ राहतं, हृदयाला बरी असते म्हणतात."

तिथूनच दादाला फोन लावला. "गोळी अर्धी करणाऱ्या तुझ्या डॉक्टरांचा नंबर दे. आत्ता."

"का गं, सही चुकली की काय?" हसत होता.