चढावरचा शब्द

प्रिय गट्टू,

काल रात्री मला झोप लागली नाही. डोळ्याला डोळा म्हणून लागला नाही. आणि त्याला कारण तूच आहेस. घरी तू माझ्या बरगडीत पाय रोवून झोपतेस, मी रोज तुझ्या बाबांना म्हणते, ही पोर आहे की खुंटी. इथे एवढा ऐसपैस पलंग दिलाय, पांढरी चादर, दोन दोन उशा, आणि बरगडीत कुणाचा पाय नाही म्हणून मला झोप नाही. एक उशी उभी करून लावून बघितली. उशीला काय टाचा असतात होय. त्यात काल जेवताना कोचबाईंनी उद्याच्या सामन्याची नावं वाचली आणि त्यात मी आहे. उद्या तुझी आई देशाच्या संघातून खेळणार. अजून एक कारण आहे, पण ते मागाहून सांगते, नाहीतर आत्ताच रडायला येईल आणि कागद भिजेल.

फोनवर मला बोलताच येत नाही, तुला माहीत आहे. रविवारी मॅनेजरबाईंनी त्यांच्या फोनवरून घरी लावून दिला, तू पलीकडून नुसतं "बब्बा" म्हणालीस आणि मी फोन मॅनेजरबाईंच्या हातात परत दिला. माझा फोन मी तुझ्यासाठी घरी ठेवून आले, त्यात माझ्या आवाजातली गाणी आहेत म्हणून. म्हणून लिहिते. मॅनेजरबाई या कागदाचे फोटो काढून घरच्या फोनवर पाठवणार आहेत. तुला कोण वाचून दाखवेल ते देव जाणे. आजीला चष्मा सापडला तर आजी, बाबा भट्टीवरून आले असले तर बाबा, नाहीतर खालचे शिंपीकाका. जो कोणी वाचत असेल त्याने जरा माझ्यासारखं वाचावं, गडबड करू नये. अक्षर वाईट आहे, शाळा लवकर सुटली माझी, सांभाळून घ्या.

इथे परदेशात मरणाची थंडी आहे. याला उन्हाळी दौरा म्हणतात. म्हणजे उन्हाळा तिकडे तुमच्याकडे, तुम्ही पंख्याखाली बसा, आणि आम्ही इकडे सकाळी पांढऱ्या पडलेल्या गवतावर पळा. गवत पायाखाली कुरकुरतं, तोंडातून वाफ निघते, कान सुन्न होतात. कानांना आम्ही चिकटपट्टी गुंडाळतो. आरशात बघितलं तर मीच मला पार्सलचा खोका वाटते. माझ्या खोलीत टपालवाली आहे. ती खरीच टपाल वाटते, सायकलवरून, आणि संघात सगळ्यात पुढच्या रांगेत असते. घोरते अशी की भिंतीवरचं चित्र हलतं. सकाळी मलाच विचारते, काय गं, झोप नाही लागली का. म्हटलं, बाई, तुझ्या घोरण्याने पलीकडचा संघसुद्धा जागा असेल. ती म्हणाली, मग बरंच आहे की, उद्या पेंगतील.

तुला हा रग्बीचा खेळ सांगते, कारण आजीला विचारलंस तर ती सांगेल की चेंडूसाठी बायका मारामारी करतात. तसं नाही. म्हणजे थोडं तसं आहे. पण त्यात एक गोष्ट असते तिला स्क्रम म्हणतात. आपल्या आठ जणी, त्यांच्या आठ जणी, खाली वाकून एकमेकींना खांदे भिडवतात आणि मधे चेंडू टाकला की ढकलायचं. ज्या जास्त ढकलतील त्यांचा चेंडू. मी दुसऱ्या रांगेत. पुढच्या दोघींच्या कमरांच्या मधे डोकं खुपसायचं आणि जीव खाऊन रेटायचं. दिसत काही नाही. माती दिसते, तिच्यावर चेंडू पडला तर तो, आणि टपालवालीचे मोजे दिसतात. मला आवडतं. मला लहानपणापासून तेवढंच येतं, ढकलायला.

तुझ्या मामाची हातगाडी. तो पुढे ओढणार, मी मागून ढकलणार. कपाटं, पलंग, गोण्या, एकदा तर एका न्हाव्याचं अख्खं दुकान, खुर्च्या-आरशांसकट. बाजारातून वर जाणारा चढ आहे ना, तिथे भलेभले गाडीवाले दोन फेऱ्या करतात. आम्ही एका फेरीत नेत होतो. चढाच्या तोंडाशी मामा थांबतो, दांडी घट्ट धरतो आणि म्हणतो, "हं, आता." बस. मागे वळून कधी बघत नाही. मी मागे आहे की नाही ते त्याला दांडीच्या वजनावरून कळतं. मी एकदा गंमत म्हणून हात सोडले होते, तर पुढूनच ओरडला, ढमाबाई, बसायचं असेल तर गोणीवर बस, तिकीट काढते मी. काढते म्हणाला, माझीच नक्कल करून.

त्याच चढावर कोचबाईंनी मला बघितलं. म्हणाल्या, रविवारी सकाळी मैदानावर येशील का. आम्हाला वाटलं, सामान हलवायचंय. आम्ही गाडी घेऊन गेलो, दोर, घोंगड्या, सगळं. मामाने विचारलं, कुठाय कपाट. कोचबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हे काय. मामा गाडीवर बसून दिवसभर हसत होता. पण संध्याकाळी तोच मला सांगत होता, तू वर उठतेस, खालून ढकल, खालून. मग तू झालीस, आणि सरावाला तुला घेऊन मामाच मैदानाच्या कडेला बसायचा. तुला भूक लागली की गाडीच्या फळीवर थापा मारायचा, मी पळत यायचे, पाजायचे, पुन्हा पळत जायचे. बाकीच्या म्हणायच्या, हिची घंटी वाजली.

आणि तोच मामा दौऱ्याला नको म्हणाला. भांडला नाही. नुसतं म्हणाला, पोर माणसं ओळखायला लागायच्या वयात आहे, एवढे दिवस लांब राहशील आणि येशील तेव्हा तुला बघून रडेल. मी म्हटलं, दादा, असं नको बोलूस. तो म्हणाला, मी बघितलंय. त्याने बघितलंय ते मला माहीत आहे. आमची आई अशीच परगावी कामाला गेली होती, मी तुझ्याएवढी असताना. परत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. मामाच्या पायामागे लपले आणि भोकाड पसरलं. आई हातातली पिशवी खालीसुद्धा न ठेवता पायरीवर बसून राहिली. मामा तेव्हा जेमतेम शाळेत जाणारा. तो ते विसरलेला नाही. मला त्यातलं काही आठवत नाही, कसं आठवेल, मीच तर ती रडणारी. दौऱ्याला नको म्हणाला, त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. निघायच्या दिवशी मात्र गाडी घेऊन दारात उभा. माझी बॅग गाडीवर टाकली आणि बसथांब्यापर्यंत ओढत नेली. एवढीशी बॅग, तिला गाडी कशाला. चढ आला तेव्हा सवयीने मी मागून हात लावला. तो थांबला, पण "हं, आता" म्हणाला नाही. नुसताच ओढायला लागला. थांब्यावर बॅग उतरवली आणि निघून गेला. वळून बघितलं नाही, पण ते तर तो कधीच बघत नाही, त्यामुळे त्यावरून काही समजायची सोय नाही.

इथे पहिला सामना एका गावातल्या क्लबशी होता, नुसता सरावाचा. मला घेतलं आणि मी घाण केली. स्क्रममधे चेंडू आत टाकल्याशिवाय ढकलायचं नसतं, आणि मी आधीच ढकलत होते. शिट्टी. पुन्हा शिट्टी. शिट्टीवाली बाई माझ्याकडे बघून मान हलवायची, आणि चेंडू त्यांना. कोचबाईंनी मला बाहेर काढलं. विचारलं, तू ऐकतेस तरी कुणाचं. मी खरं ते सांगितलं. गाडीवर मी शब्दाची वाट बघतच नाही. पुढचा माणूस श्वास घेतो, त्याचे खांदे खाली येतात, ते दांडीतून, फळीतून माझ्या हाताला कळतं, आणि शब्द त्याच्या तोंडातून निघेपर्यंत मी ढकललेलं असतं. टपालवालीने श्वास घेतला की मी सुटते. टपालवाली म्हणाली, म्हणजे मी श्वासच घेऊ नको का. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि पुढचा सामना बाकावर बसून बघितला.

मग आमची बस अडकली. मैदानावरून येताना एका चढावर रस्ता गोठला होता, चाकं जागच्या जागी फिरायला लागली. ड्रायव्हर म्हातारा, भला माणूस, तो म्हणाला आता क्रेन येईपर्यंत बसा. सगळ्या उतरल्या आणि लागल्या ढकलायला, एक आत्ता, एक मग, नुसता गोंधळ. मला राहवेना. मी म्हटलं, अशी तर भाजीची टोपलीसुद्धा जायची नाही. चाकामागे दगड लावून घेतला, सगळ्यांना खाली वाकवलं, ड्रायव्हरला म्हटलं मी सांगेपर्यंत दाबू नका. आणि मग, माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हं, आता." गट्टू, बस गेली. अशी गेली की आम्ही मागे राहिलो आणि ड्रायव्हर थांबायला घाबरून वरपर्यंत घेऊन गेला, आम्हाला एवढ्या थंडीत चालत जावं लागलं. कोचबाई माझ्या बाजूने चालत होत्या. म्हणाल्या, तुला दुसऱ्याच्या श्वासावर ढकलायची सवय आहे ना, मग शब्द तूच दे, स्वतःच्या शब्दाआधी कशी ढकलशील. तेव्हापासून चेंडू आत पडला की मी ओरडते आणि आठही जणी एकदम रेटतात. त्यानंतर सरावात एकदाही शिट्टी नाही. म्हणजे बघ, मामाचा शब्द इकडे परदेशात चाललाय, संघातली डॉक्टरीण, टपालवाली, पोलिसातली, सगळ्या त्या शब्दावर ढकलतात, आणि तिकडे मामाला पत्ताच नाही.

आता ते राहिलेलं कारण. आमच्या संघात एक रीत आहे. जी देशासाठी पहिल्यांदा खेळणार असते तिला आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर जर्सी देतात. आणि ती कोचबाई देत नाहीत. जिला ज्याने पहिल्यांदा मैदानावर आणलं, शिकवलं, त्याच्या हातून ती घ्यायची. परदेशात असलो तर त्या माणसाला फोन लावतात, फोन मधे टेबलावर ठेवतात, तो माणूस दोन शब्द बोलतो, मग शेजारी बसलेली खेळाडू जर्सी हातात देते. टपालवालीच्या वेळी तिचे वडील बोलले होते, ते नुसतेच रडले आणि म्हणाले रस्ता बघून चाल. मला विचारलं, तुझं कोण. मी म्हटलं, माझा दादा. मॅनेजरबाईंनी काल त्याला फोन लावला. वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. आता मला कसं कळावं, की त्याने राग म्हणून कापला की परदेशातला नंबर बघून कापला. कारण तुला माहीत नाही, पण तुझा मामा अनोळखी नंबर उचलत नाही. मागे एकाने फोन करून तुम्हाला बक्षिसात मोटार लागली म्हणून सांगून पैसे मागितले होते, तेव्हापासून तो म्हणतो, शून्य शून्यवाला दिसला की समजायचं चोर. रात्रभर मी तेच उलटसुलट करत होते. राग की चोर.

मला भीती वाटते, गट्टू, खोटं कशाला बोलू. समोरच्या संघातल्या एकेकी दारात उभ्या राहिल्या तर खोलीत अंधार होईल. मान दुखावेल याची भीती वाटते. पण त्याहून जास्त भीती वाटते ती आपल्या पायरीची. मी बॅग घेऊन येईन आणि तू आजीच्या पायामागे जाशील. तर तुला एक सांगून ठेवते, जे मामाला माहीत नाही. आमची आई जिवंत होती तेव्हा तीच मला हसत हसत सांगायची. त्या दिवशी मामा बिचारा ते दृश्य बघून बाहेर निघून गेला तो अंधार पडल्यावर आला. तोवर मी आईच्या मांडीवर पाय रोवून ढाराढूर झोपले होते, आणि तिने मला उचलून आत निजवलंही होतं. त्याने फक्त सकाळ बघितली, संध्याकाळ बघितली नाही. तू रडलीस तरी चालेल. रड खुशाल. मी पायरीवर बसेन, पिशवी खाली ठेवेन, आणि संध्याकाळपर्यंत थांबेन. मला कुठे जायचंय.

तर आजी, गट्टूचे बाबा, नाहीतर शिंपीकाका, जे कोणी हे वाचत असाल ते, एवढ्यासाठी मी हा कागद लिहिला. आज तुमच्याकडे दुपार कलली की मामाला पुन्हा त्याच शून्य शून्यवाल्या नंबरवरून फोन येईल. तो चोर नाही, मी आहे. राग सोड म्हणून त्याला सांगू नका, तो सांगून सोडणारा माणूस नाही. आईच्या मांडीवरच्या माझ्या त्या झोपेचं तेवढं सांगा. आणि सांगा की त्याने भाषण करायचं नाही, गोड बोलायचं नाही, फक्त चढाच्या तोंडाशी म्हणतो तेवढं म्हणायचं. मी मागे आहे. तेवढं वाचून झालं की गट्टूला कडेवर घ्या, आणि माझ्या दादाला घरच्या नंबरवरून आत्ताच्या आत्ता फोन लावा.

तुझीच, उशीला टाचा शोधणारी,
आई