उलट्या बटणांचा कोट

२३ जुलै, बुधवार. सकाळी.
उणे चार. अंगणातलं गवत पांढरं पडलंय. दार उघडून नाक बाहेर काढलं, परत आत घेतलं. छातीत काहीतरी वाजतंय. शोभा म्हणाली, तुमच्या छातीत रोजच वाजतं, आधी चहा घ्या. घेतला. अजून वाजतंय.

संध्याकाळी.
उर्वी शाळेतून येताना माझ्याशी बोलली नाही. चार पावलं पुढे चालत होती. नात आठ वर्षांची, पण पाठ कशी फिरवायची ते नेमकं कळतं. सूनबाईंनी, म्हणजे ऋतिकाने, नंतर हळूच कारण सांगितलं. वर्गातल्या मिया नावाच्या मुलीने विचारलं, तुझे आजोबा बँक लुटायला चाललेत का? माझी माकडटोपी! कॅनबेरातल्या या गुंगालिनमध्ये थंडीला टोपी घालायची नाही तर काय घालायचं? इथे म्हणे तशी टोपी फक्त दरोडेखोर घालतात.
आणि नेमका आठ ऑगस्टला शाळेत ग्रँडपेरेंट्स डे आहे. हॉल लहान, म्हणून प्रत्येक मुलाने एकच आजी किंवा एकच आजोबा आणायचे. त्यांनी आपल्या जुन्या कामाबद्दल मुलांना सांगायचं. मी एसटीत कंडक्टर, सातारा डेपो, सगळी नोकरी एका खात्यात. शोभाने घरी डबे केले. सांगण्यासारखं कुणाकडे जास्त आहे ते उघड आहे. ऋतिका म्हणाली, कुणाला न्यायचं ते उर्वी ठरवेल. ठरवायचं काय आहे त्यात?
जेवण गेलं नाही. दोनच पोळ्या.

२४ जुलै, गुरुवार.
उपाय सापडला. मॉलच्या काचेत एक पुतळा उभा असतो. त्याच्या अंगावर ट्रेंच कोट. खाकी रंग, कमरेला पट्टा, खांद्यावर पट्ट्या, कॉलर उभी. जन्मभर खाकी घातली, पण ती कंडक्टरची. ही खाकी वरच्या अधिकाऱ्याची. हा कोट घातलेल्या आजोबाला कोण दरोडेखोर म्हणेल?
निश्चय: घाई करायची नाही. निदान दहा दुकानं बघायची.

२६ जुलै, शनिवार.
मुलगा, नचिकेत, मॉलला घेऊन गेला. पहिल्याच दुकानातला पोरगा म्हणाला, परफेक्ट फिट, मेट. तीच तर अडचण! अंगाला बरोबर बसला तर आत स्वेटर कुठे जाणार? दोन साइझ मोठा मागितला. त्यात हात दिसेनात. नचिकेत म्हणाला, बाबा, तंबूत उभे राहिल्यासारखे दिसताय. ऋतिका म्हणाली, ट्रेंच कोट पावसासाठी असतो बाबा, थंडी नाही अडत त्याने. मी नववीपर्यंतच शिकलोय, पण डोळे आहेत. समोर बटणांच्या दोन रांगा आहेत. एक रांग पावसाला, एक थंडीला. त्याशिवाय कोण एवढी बटणं लावेल?
एकच दुकान झालं. नचिकेतला खरेदीचा धीर नाही. बाकावर बसून फोन बघत होता.

२७ जुलै, रविवार.
फिरायला जातो सांगून एकटाच चर्चजवळच्या सेकंडहँड दुकानात गेलो. आणि मिळाला! रंग तोच, गुडघ्याच्या खाली येतो, आतून चौकडीचं अस्तर. स्वेटर घालूनही बसतो. छातीपाशी जरा जास्तच जागा आहे, म्हणजे दुसरा स्वेटरही मावेल. फक्त बटणं उलट्या बाजूला. तिथे थोडा वेळ विचार केला. मग लक्षात आलं. हा देशच उलटा. जुलैत थंडी, डिसेंबरात ऊन, सूर्य उत्तरेकडून जातो. बटणं तरी सुलटी कशी असतील?
काउंटरवरची म्हातारी कोट घडी करताना म्हणाली, शी विल लव्ह इट, डार्ल. उर्वीबद्दल मी तिला एक शब्द सांगितला नव्हता. या लोकांना माणसाची पारख आहे.
घरी शोभाने बघितल्या बघितल्या सांगितलं, अहो, हा बायकांचा आहे. मी उलट्या देशाचं समजावलं. ती इतकी हसली की पळी खाली ठेवावी लागली. मत्सर. तिलाही आठ तारखेला जायचं असणार.

२८ जुलै, सोमवार.
पट्ट्याचा सराव. पुतळ्याने बक्कल लावलं नव्हतं, गाठ मारली होती. मीही मारली, पायजम्याच्या नाडीची मारतो तशीच. घट्ट बसली. इतकी की सुटेना. दुपारचं जेवण कोटातच. वरण सांडलं, पण खाकीवर वरण दिसत नाही, हा एक गुणच. संध्याकाळी ऋतिकाने ऑफिसातून आल्यावर काट्याच्या चमच्याने गाठ सोडवली. चमचा धुवायला टाकताना आपटला.
निश्चय: बक्कल.

३० जुलै, बुधवार.
कोट चारचौघांत घालायची सवय व्हावी म्हणून लाइट रेलने सिटीला निघालो. वारा कोटातून आरपार जातो. हा दोष कोटाचा नाही, कॅनबेराचा आहे. आत दोन स्वेटर, कमरेला शोभाची शाल. प्रवासाचं कार्ड चोरीला जाऊ नये म्हणून सगळ्यांत आतल्या शर्टाच्या खिशात.
बसायला जमेना. कोटाला मागे चीर आहे, पण ती फुलीच्या टाक्याने शिवलेली आहे. कंपनीची खूण असणार. म्हणून जुन्या सवयीने मधल्या वाटेत, खांबाला पाठ लावून उभा राहिलो. समोरच्या युनिव्हर्सिटीच्या पोराने माझ्याकडे बघितलं आणि निमूट कार्ड पुढे केलं. मी मागितलं नव्हतं. पण समोर आलेलं बघायचं नाही, हे या हाताला माहीत नाही. बघितलं, हं म्हटलं. शेजारच्या बाईंनीही काढलं. मग एकाचं बघायचं आणि दुसऱ्याचं सोडायचं, हे बरोबर नाही. डबा शेवटपर्यंत केला. एकही विनातिकीट नाही. शिस्त आहे लोकांना.
पुढच्या स्टॉपवर खरी इन्स्पेक्टर चढली. साधं जॅकेट, खांद्यावर काही नाही. तिने माझं कार्ड मागितलं. बक्कल, बटणं, शाल, स्वेटर, दुसरा स्वेटर. सगळा डबा बघत होता. ज्या पोराचं कार्ड मी तपासलं होतं तो तर तोंड उघडं टाकून. शेवटी ती म्हणाली, नो वरीज, आणि पुढे गेली. एका खात्यातली माणसं एकमेकांना ओळखतात.
घरी सांगितलं नाही. नचिकेतला उगाच काळजी.

५ ऑगस्ट, मंगळवार.
मोठा दिवस. शाळेत रंगीत तालीम. कोट मुलांच्या नजरेला आधी पडावा म्हणून सुटायच्या बराच आधी गेलो. वारा फार. फाटकासमोरच्या झाडामागे उभा राहिलो, कॉलर वर. घंटा झाली का म्हणून मधूनमधून फक्त डोकं बाहेर काढत होतो.
काय मान राखतात हे लोक! दोन टीचर स्वतः बाहेर आल्या. आपलं नाव काय, कुणासाठी आलात, अगदी अदबीने. ऐनवेळी ग्रँडफादर हा शब्द आठवेना. कोट दाखवायला आलोय, एवढंच सांगता आलं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग एक डावीकडून, एक उजवीकडून, मला ऑफिसात नेलं. खुर्ची दिली. कंपनीची खूण सांभाळायची म्हणून मी उभाच राहिलो. ऋतिकालाही बोलावलं. ती मीटिंग सोडून धावत आली. रस्ताभर एक शब्द बोलली नाही. भारावली होती.
उर्वी पुढे चालत होती. फाटकाशी त्या मियाने विचारलं, इज ही अ स्पाय? उर्वी म्हणाली, नो, ही इज जस्ट माय आजोबा. मी कानांनी ऐकलं. दोन आठवड्यांत दरोडेखोराचा हेर झालो. एसटीत एवढी बढती कुणाला मिळाली नव्हती.

६ ऑगस्ट, बुधवार.
पाऊस. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा होता. शोभाने न विचारता माझा कोट घातला आणि गेली. उर्वीने खिडकीतून बघितलं. ओरडली, आजी, यू लुक सो नाइस! शोभाने परत येऊन कात्रीने मागची फुली कापून टाकली. म्हणाली, हा टाका काढायचाच असतो, नाहीतर माणूस बसणार कसा? आणि बसून दाखवलं.
खूण गेली. आता कंपनीला कोण विचारणार? छातीत वाजतंय.

७ ऑगस्ट, गुरुवार.
जेवताना उर्वीने सांगितलं. आजीला नेणार. नचिकेत म्हणाला, का गं, आजोबांनी तर एवढी तयारी केली. ती भातात चमचा फिरवत म्हणाली, आजोबा वरी करतात. मग मला पण काळजी होते. देन आय हॅव टू लुक आफ्टर हिम.
शोभाने मला आणखी भात वाढला, मी नको म्हटलेलं असताना.
माझ्या तब्येतीचा विचार केला पोरीने. या वयात एवढी समज. बाहेर वारा असतो, हॉल लांब आहे. शोभा म्हणाली, मी नाही जात, तुम्ही जा. मी म्हटलं, तूच जा, कोट घालून जा. बक्कल लाव, गाठ मारू नकोस.
भात खाल्ला.

८ ऑगस्ट, शुक्रवार.
घरी एकटा. टीव्ही लावला, बंद केला. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो.
दुपारी दोघी आल्या. कोटाला लोक काय म्हणाले, विचारलं. उर्वी म्हणाली, कुणी पाहिलाच नाही, आजोबा. हॉलमध्ये हीटर होता, आजीने काढून दाराजवळ टांगला. हे आधी कुणी सांगायला नको? हीटर आहे हे माहीत असतं तर मी कोट घेतलाच नसता, आणि आज मीच गेलो असतो.
मग शोभाला विचारलं, डब्यांचं काय सांगितलंस? ती म्हणाली, डब्यांचं कुठलं, तुमच्या एसटीचं सांगितलं. खुर्च्या मांडून गाडी केली. सगळी मुलं पॅसेंजर, उर्वी कंडक्टर. ती म्हणे घाटातून चाललेल्या गाडीसारखी हलत हलत तिकिटं फाडत होती, सगळ्यांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत. मराठीत. मिया सगळ्यांत पुढे बसली होती.
मी पाणी प्यायलो. मग विचारलं, गाडी सोडायला घंटीची दोरी ओढली का?
उर्वीने हात वर करून ओढून दाखवली. एकदा.
एकदा म्हणजे थांबा. दोनदा म्हणजे चला. आख्खा वर्ग डेपोतच उभा होता, आणि कुणाला कळलंही नाही.