धावड्याच्या सुनेचं वजन

आपा,

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि आज तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. आत्ताच जालन्याच्या दवाखान्यातून आलेय, हातपायही धुतले नाहीत. गरोदर बायांचं खाणंपिणं आणि त्यांच्या लेकरांची वाढ यावर मी संशोधन करते, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही बघितलंत ते ध्यान म्हणजे कॉलेजातून पाठवलेली, फॉर्मांचा गठ्ठा छातीशी धरून हसनाबादच्या आसपासची खेडी तुमच्या मागं मागं फिरणारी पोरगी. नर्सबाई तुम्हाला कुणी म्हणतच नव्हतं, हिंदूंच्या घरातही तुम्ही आपाच होतात.

तो दिवस आठवतो? मी एका बाईला विचारते, पायाला सूज आहे का? ती सासूकडं बघून म्हणते, न्हाई. मी लिहिते, नाही. तुम्ही गपकन खाली बसता, तिच्या नडगीवर अंगठा दाबता, सोडता. खड्डा तसाच. मग सगळ्या अंगणासमोर माझ्यावर कडाडता, "कागज बाद में! पहले पाँव देख! खड्डा राह्यला का न्हाई? मंग 'नाही' लिहिलंस कशाला?" माझा पेन काढून घेतलात, पिशवीत टाकलात आणि संध्याकाळपर्यंत दिला नाहीत. दहा-बारा घरं मी नुसते पाय दाबत फिरले. डोळ्यांत पाणी, पोटात राग. "रडून घे, पर बराबर दाब," म्हणालात.

आता ऐका. धावडा गावात माझ्या अभ्यासातली एक सून आहे, पहिलटकरीण, आठव्या महिन्यात, अंगानं काटकुळी. तिचं वजन वाढावं म्हणून मी पहिल्यापासून सासूच्या मागं लागलेली. अंडं द्या, शेंगदाणे द्या, सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवू नका. पंधरा दिवसांपूर्वी गेले तर सासू दारातच उभी. "बघा म्याडम, कशी भरली सून माझी! डोहाळजेवणाला बांगड्या भराय बसली, तर नेहमीचं माप चढंना. कासारणीनं मोठं माप काढलं. आता म्हणा, सासू खाऊ घालत न्हाई म्हणून!"

मी सुनेला वजनकाट्यावर उभी केली. आकडा एवढा पुढं गेलेला की मला हसूच फुटलं. महिनाभरात असं कुणाचं वजन वाढतं का हो? पण मला तेच बघायचं होतं, कितीतरी महिने त्याचीच वाट बघत होते. फॉर्मवर लिहिलं, वजनवाढ उत्तम. बीपीचं मशीन पिशवीतून काढलंच नाही, पुढची घरं राहिली होती. पायांवर साडीचा काठ होता, आणि मी खाली बसले नाही. ते वजन खाण्याचं नव्हतं आपा, अंगात साठलेलं पाणी होतं. सासू सगळं बांगडीच्या मापासकट सांगत होती आणि मी शिकलेली गाढवीण तिला शाबासकी देऊन आले.

आज सकाळी गेले तर सून भिंतीला टेकलेली, डोकं दोन्ही हातांत धरून. "कालपासून डोकं फुटून राह्यलंय. डोळ्याम्होरं अंधारी येती." सासू मीठमिरच्या ओवाळत होती, भरलेल्या सुनेला दृष्ट लागली म्हणून. मशीन लावलं, बीपी भयंकर चढलेलं. आमच्याच जीपमध्ये दोघींना घातलं. भोकरदनच्या दवाखान्यानं इंजेक्शन देऊन पुढं जालन्याला पाठवलं. राजूरच्या पुढं तिला झटका आला. दातखीळ बसलेली, डोळे पांढरे. मी तिला कुशीवर धरून ठेवलं होतं आणि सासू एकच विचारत होती, "म्याडम, वाचंल ना? दोघं वाचतील ना?" मी देवाचं नाव घेतलं नाही. तुम्हाला शिव्या घालत होते, एवढ्या लवकर मेलात कशाला म्हणून.

सिझर झालं. सून शुद्धीवर आहे. मुलगी झालीय, अगदी मूठभर, काचेच्या पेटीत ठेवलीय. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस तरी काही सांगता येणार नाही. या मुलीची वाढ पुढं दोन वर्षं मी मोजणार होते.

सासू खालून चहा घेऊन आली. तिच्या स्वतःच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. कप माझ्या हातात दिला आणि वाकून माझ्या पाया पडली. "तुमी व्हत्या म्हणून निभावलं. मला येडीला वाटलं, खाऊ घातलं म्हणून भरली. समदं माझंच चुकलं." शेजारच्या बाकावरच्या बायांनाही ती तेच सांगत राहिली, माझंच चुकलं, माझंच. मला एवढंच म्हणायचं होतं की मावशी, तुम्ही मला दाखवलं होतं, मलाच कळलं नाही. शब्द अगदी जिभेवर आले होते. मी चहा प्यायले.

उद्या सांगीन, असं मघापासून स्वतःला बजावतेय. या पत्राला पत्ता नाही ते बरंच आहे. आणि खरं सांगू का आपा, तुम्ही हयात असतात तरी मी ते टाकलं नसतं. तुम्ही पहिल्याच एसटीनं जालन्याला आला असतात आणि मनगट धरून मला त्या सासूसमोर उभं केलं असतंत.