थिअरीच्या मास्तरांचं उड्डाण

३ एप्रिल २०१४, गुरुवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. २४ मे रोजी सत्तर पूर्ण. या वयात माणसं ढिली पडतात. मी पडणार नाही.

मुख्य काम: ग्रंथ. ‘हवाई युद्ध : संपूर्ण सिद्धांत’, एकूण तीन खंड. उड्डाण विद्यालयात तेवीस वर्षं जे शिकवलं ते सगळं कागदावर आणायचं. वाढदिवसाला एकावन्न दिवस आहेत. रोज सहा पानं धरली तरी पहिला खंड आरामात होतो. शिवाय रोज सकाळी व्यायाम. चहात साखर बंद.

दुपारी ३.

शीर्षक लिहिलं. अक्षर छान आलंय. तेवढ्यात बायकोला, बुरुलचाला, नूडल्स लाटायला टेबल हवं झालं. तिला म्हटलं, इथे ग्रंथ चाललाय. ती म्हणाली, ग्रंथ जेवायला वाढणार असेल तर मी टेबल सोडते. टेबल दिलं.

चहात साखर घेतली. चहात घालायचा जॅम संपलाय, नाहीतर घेतली नसती.

९ एप्रिल, बुधवार.

मेलिस येऊन गेला. माझा विद्यार्थी, १९८४ च्या तुकडीतला. तेव्हा काडीसारखा होता, आता दारातून आडवा येतो. पण बूट काढून आत आला, दोन्ही हातांनी हात धरला, मास्तरांना म्हणतात तसं ‘अगाय’ म्हणून तब्येत विचारली. ही जुनी शिस्त. हल्लीची शाळेतली पोरं मास्तरांना बघून रस्ता बदलतात.

त्याने गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर फ्लाइंग क्लब काढलाय. दोन आसनांचं विमान आहे. म्हणाला, आमच्या तुकडीने ठरवलंय, सत्तरीला अगायना विमानातून न्यायचं. पुढे मी, मागे तुम्ही. तुम्ही शिकवलेलं सगळं करून दाखवतो, उलटी गिरकीसुद्धा.

मी ताबडतोब हो म्हटलं. तेवीस वर्षं या क्षणाची वाट पाहत होतो.

बुरुलचा चहा ओतत होती. तिने कप भरून बशीही भरली.

१० एप्रिल, गुरुवार.

बुरुलचा सकाळपासून एकच विचारतेय, नक्की जाणार का. मी म्हटलं, न जायला काय झालं.

इथे नोंद करून ठेवतो, कारण लोक नंतर काहीही बोलतात. विद्यालयात असताना मी उड्डाण केलं नाही याची कारणं पूर्णपणे तांत्रिक होती. १९७१ ला टॉन्सिल. १९७८ ला माझ्या मापाचे बूट आले नाहीत. १९८३ ला मी विमानाच्या शिडीपर्यंत गेलो होतो, पण एका विद्यार्थ्याची परीक्षा राहिली होती, त्याला जागा दिली. शिक्षकाने असंच करावं. मला उंचीची भीती वगैरे नाही. मला उंचीचा आदर आहे. हा फरक सामान्य माणसाला कळत नाही.

आणि मुळात विमान चालवतात ते हातपाय. लढाई जिंकते थिअरी.

ग्रंथ: पान १, अर्धं.

१४ एप्रिल, सोमवार.

अर्कादीकडे बुद्धिबळ. हा आमचा शेजारी, विद्यालयात विमानांचा फिटर होता. अडतीस वर्षं इंजिनांत हात घालून नखं अजून काळी आहेत. त्याला बातमी आधीच लागली होती. म्हणाला, एसेनकुल, तू तर आमच्या वर्कशॉपच्या माळ्यावर पण चढायचा नाहीस, स्पेअर पार्टचे खोके मीच खाली काढून द्यायचो. मी म्हटलं, तो माळा नियमबाह्य होता.

मग म्हणाला, उलटी गिरकी घेताना नाश्ता वर येतो की खाली जातो, हे तुझ्या थिअरीत आहे का?

वजीर गमावला. लक्ष विचलित करून जिंकणं ही युद्धनीती आहे, बुद्धिबळ नाही.

१९ एप्रिल, शनिवार.

आजही ग्रंथाला बसणार होतो. पण टीव्हीवर युद्धाचा सिनेमा लागला आणि माझ्यासारख्या माणसाला तो बघणं भागच असतं. गोष्ट १९४३ ची. मागे धावपट्टीवर उभी होती ती विमानं १९६० नंतरची. नायक शत्रूच्या वैमानिकाकडे बघून हसतो. ताशी पाचशे किलोमीटर वेगाने जाणारा माणूस हसतोय हे दिसायला शत्रू काय मांडीवर बसला होता? शेवटी नायक सूर्याकडे तोंड करून हल्ला करतो. सूर्याकडे तोंड! पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हे बोलला असता तर त्याला मी उभा ठेवला असता. सूर्य नेहमी आपल्या पाठीशी हवा, म्हणजे समोरच्याला आपण दिसत नाही. पहिल्या महायुद्धात, वैमानिक एकमेकांवर पिस्तुलं झाडत होते तेव्हापासून हे ठरलेलं आहे.

चॅनेलला पत्र लिहिलं. अकरा पानं झाली. बुरुलचा म्हणाली, हीच ग्रंथात घाला. तिला लेखनातलं काही कळत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार.

तयारी म्हणून बाजारामागच्या कॉम्प्युटर क्लबात गेलो. तिथे हवाई लढाईचा खेळ आहे. कोरियाच्या आकाशात मिग आणि सेबर विमानं. म्हटलं, या पोरासोरांना जरा खरी थिअरी दिसू दे.

समोरच्या खुर्चीत औषधाच्या दुकानातली हलिचा बसली होती. पन्नाशीची बाई, माझ्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या तीच देते. दुपारच्या सुट्टीत रोज येते म्हणे. मी तिला सभ्यपणे सांगितलं की मी हा विषय तेवीस वर्षं शिकवलाय, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. ती म्हणाली, नाही घेत.

तिने मला नऊ वेळा पाडलं. पहिल्या वेळी चाळीस सेकंद लागले, नंतर कमी. दोनदा मी कुणाची मदत न घेता डोंगरावर आदळलो, ते यात धरलेलं नाही.

कारण: खुर्ची फार खाली होती.

निघताना तिने विचारलं, तुम्ही मागे का बघत नव्हता? मी म्हटलं, बघत होतो. बघत नव्हतो. खेळात मागे बघायचं बटण कुठलं ते कुणी सांगितलं नव्हतं.

२ मे, शुक्रवार.

डॉक्टरकडे. वैद्यकीय परवानगीशिवाय उड्डाण करणं बेजबाबदारपणा ठरेल. ब्लड प्रेशर १२०/८०. पुन्हा बघायला लावलं. तेच. जिना दोनदा चढउतार करून आलो. १२५/८०. डॉक्टर म्हणाले, तुम्ही चाळिशीतले वाटता. यंत्र जुनं असावं.

११ मे, रविवार.

हवामान बिघडण्याची चिन्हं आहेत. पश्चिमेला एक ढग. मेलिसला फोन करून सांगितलं की माझ्यासाठी धोका पत्करू नकोस. तो म्हणाला, अगाय, अजून तेरा दिवस आहेत.

ढग दुपारी गेला.

ग्रंथ: पान २. पण पहिलं पान फाडावं लागलं, म्हणजे पुन्हा पान १.

१८ मे, रविवार.

बागेतल्या चक्रपाळण्यात बसून सराव करायचं ठरवलं. तिकीट घेतलं. आधी शास्त्रीय तपासणी केली. बोल्टांना गंज आहे. पाळणेवाल्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, एकवीस वर्षांत एकही माणूस पडला नाही. मी म्हटलं, म्हणजे आता कुणाचा तरी नंबर असेल. मागची रांग पांगली आणि त्याने माझे पैसे परत केले.

बुरुलचा बाकावर बसली होती. घरी येताना ती कोपऱ्यावर थांबली. मग म्हणाली, “अहो, नको वाटत असेल तर सांगून टाका ना मेलिसला. तो काय तुम्हाला खाणार आहे?”

मी म्हटलं, कुणाला नको वाटतंय?

खरं तर (इथे दोन ओळी खोडल्या आहेत.)

२४ मे, शनिवार. दुपारी १२.३०.

उड्डाण केलं!

सविस्तर नोंद करतो, ग्रंथात उपयोगी पडेल.

सकाळी नऊला धावपट्टीवर पोहोचलो. चाळीसेक माणसं जमली होती. जुन्या तुकड्यांतले पंधरा विद्यार्थी, त्यांच्या बायका, अर्कादी, हलिचासुद्धा. बुरुलचाने थर्मास आणि तळलेल्या बोर्सोक पुऱ्यांची पिशवी आणली होती. मला हेल्मेट घातलं, मागच्या आसनात पट्ट्यांनी करकचून बांधलं. वरची काच सरकवून बंद केली. मेलिस पुढे.

इंजिन सुरू झालं. तिथपासून मी डोळे मिटून घेतले. याचं कारण असं की अनुभवी माणूस विमान डोळ्यांनी नाही, पाठीच्या कण्याने ओळखतो. नजर फसवते.

आधी धक्के. ती धाव. मग थोडा वेळ शांत, म्हणजे जमीन सुटली. मग एक मोठी गर्जना आणि सगळं अंग हादरू लागलं. ही सरळ वर चढाई, ओळखायला एक क्षणही लागला नाही. मग डावीकडे जोरदार वळण, शेपटीमागे जाण्याचं. मेलिस कानात काहीतरी ओरडत होता, इंजिनाच्या आवाजात कळलं नाही, पण मी ‘छान! छान!’ म्हणत होतो. पुन्हा गर्जना, पुन्हा हादरे. उलटी गिरकी याच वेळी झाली असावी, कारण सकाळचा चहा घशाशी आला. मग पुन्हा धक्के. लँडिंग जरा खडबडीत. मेलिसला तसं सांगेन.

एकूण बावीस मिनिटं. उतरलो तेव्हा गुडघे साथ देत नव्हते. उंचावर हवा विरळ असते. मी हात उंचावला आणि म्हटलं, ‘थिअरी बरोबर होती!’ एक क्षण कुणी हललं नाही. मग अर्कादीने टाळी वाजवली. अर्कादीने! मग सगळ्यांनी.

क्लबचं प्रमाणपत्र आधीच फ्रेम करून आणलं होतं. ‘प्रथम उड्डाण’. ते हातात देताना मेलिस अडखळला, अगाय, त्याचं असं झालं, म्हणाला. मी त्याला मिठीच मारली. भावनेच्या भरात माणसाला शब्द सापडत नाहीत.

२५ मे, रविवार.

कालची मेजवानी कॅफेत. साठ माणसं. मानाचं म्हणून मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवलं. भाषण केलं. दहा मिनिटं बोलायचं ठरवलं होतं, पन्नास झाली. चमच्यांची दोन विमानं करून सगळं उड्डाण दाखवलं. चढाई, वळण, गिरकी. उलटे असताना खाली पॉपलरच्या झाडांच्या रांगा डोक्यावर लटकल्यासारख्या दिसतात, हे सांगितलं. एकही माणूस मध्ये बोलला नाही. हलिचाने मान खाली घालून ऐकलं. बहुधा त्या नऊ वेळांची लाज वाटली असावी.

मेलिस माझ्यानंतर उठला. उड्डाणाबद्दल चकार शब्द नाही, याचं जरा वाईट वाटलं. एवढंच म्हणाला, अगाय आम्हाला वर्गात रोज सांगायचे, पुढे बघायच्या आधी मागे बघा. अफगाणिस्तानच्या युद्धात एके सकाळी मी मागे बघितलं. म्हणून आज इथे उभा आहे. मग बसला. त्याच्या बायकोने डोळे पुसले.

चांगलं बोलला. पण गिरकीचा उल्लेख हवा होता.

आज चॅनेलला दुसरं पत्र लिहिणार. खाली ‘वैमानिक’ लिहावं का, विचार चालू आहे.

२६ मे, सोमवार. सकाळी १०.

प्रमाणपत्रासाठी भिंतीत खिळा ठोकत होतो. बुरुलचाला विचारलं, सरळ आहे का. ती म्हणाली, नका लावू.

मी म्हटलं, का?

ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, “अहो, विमान उडालंच नाही.”

इंजिनात तेलाचं प्रेशर मिळेना. मेलिस धावपट्टीच्या टोकापर्यंत गेला, तिथे थांबून दोनदा इंजिन पूर्ण जोरात चालवून बघितलं, मग वळून गवतावरून परत आला. बावीस मिनिटं. सगळ्यांनी उभं राहून बघितलं. मेलिस आतून मला तेच ओरडून सांगत होता, अगाय, आज जमत नाही, परत जातोय.

आणि मी छान छान म्हणत होतो.

११.

बसून आहे. चहा गार झाला.

मी विचारलं, मग साठातलं कुणी बोललं का नाही? मेजवानीत पन्नास मिनिटं?

ती म्हणाली, “बोलायचं कुणी, तुमच्या विद्यार्थ्यांनी? तुम्ही शिकवताना कधी कुणी मध्ये बोललंय का?”

मग थोड्या वेळाने म्हणाली, डोळे मिटलेले होते ना? मी कप तिच्याकडे सरकवला. तिने चहा बदलून आणला. साखर घालून.

२९ मे, गुरुवार.

काही नाही.

३१ मे, शनिवार.

अर्कादी आला. मी म्हटलं, बोल काय बोलायचं ते. तो पट मांडत म्हणाला, तेलाचा पंप असणार, मी मेलिसला सांगितलंय, परवा जाऊन बघतो. दुसरं काही बोलला नाही. दोन डाव हरला. मुद्दाम हरला. त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

३ जून, मंगळवार.

मेलिसचा फोन. पंप बदलला, शनिवारी नक्की. मी सांगितलं, सर्दी झालीय. तो म्हणाला, बरं, पुढच्या शनिवारी. मी म्हटलं, तेव्हाही असेल. तो म्हणाला, त्याच्या पुढच्या? मग मीच म्हटलं, “मेलिस, मला भीती वाटते रे. पहिल्यापासून.”

हे मी का बोललो कळत नाही. तो म्हणाला, “माहितीये अगाय. १९८३ ला शिडीवरून तुम्ही ज्याला जागा दिलीत तो मीच होतो.”

फोन ठेवणार तेवढ्यात बुरुलचाने हातातून घेतला. विचारलं, शनिवारी किती वाजता?

७ जून, शनिवार.

बुरुलचा गेली. खरोखर गेली. डोक्याला रुमाल, त्यावर हेल्मेट. मी थर्मास धरून खाली उभा होतो. जमीन सुटली तेव्हा मीच डोळे मिटणार होतो, पण उघडे ठेवले. वर अर्कादीच्या बोटाएवढं विमान दोनदा उलटं झालं. अर्कादी म्हणाला, गिरकी चांगली घेतली. मी म्हटलं, सूर्य पाठीशी घेतला होता, बघितलंस ना. तो म्हणाला, बघितलं.

उतरली ती चालत आली. गुडघे ठीक. मी विचारलं, काय दिसलं? मनात म्हटलं, काही सुचणार नाही हिला, मी शब्द देईन.

ती म्हणाली, “आपलं घर दिसलं. गोठ्याच्या बाजूने छपराचा पत्रा उचकटलाय.”

८ जून, रविवार. दुपारी ४.

पत्रा मी स्वतः बसवणार. शिडी लावली. हातोडी, खिळे, सगळं घेतलं.

सायंकाळी ६.

तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो होतो. बुरुलचाने उद्या माणूस बोलावलाय.