रोज मरणाऱ्या नातवास

चिरंजीव, शतायुषी श्रीकर यास आशीर्वाद.

तंजावुरात तुझी एक आजी असते, हे विसरला असशील म्हणून आठवण करून देते. मला अक्षर येत नाही. मी सांगते ते तुझी बहीण अखिला लिहून घेतेय, आणि मध्येच हसतेय.

अमेरिकेच्या सिनेमांत तू कधी डॉक्टर असतोस, कधी टॅक्सीवाला. पण नायक घरी पोचायच्या आत तू मेलेला असतोस. अखिला फोनवर दाखवते. नातवाचं मरण पाहिलं म्हणून मी दरवेळी डोक्यावरून अंघोळ करते आणि देवळात तुझ्या नावाने अर्चना करवते. मला पाहिलं की पूजा करणारे गुरुक्कल विचारतात, "काय शेषम्मा, नातू पुन्हा गेला?"

आता म्हणे तुला नाटकात मोठं काम मिळालंय आणि तिथे तू रोज मरणार. या वयात मी किती अंघोळी करू? खरं सांगते, मला भीती वाटते रे.

तुझी, अजून जिवंत,
आजी

अखिला, हे पत्र पोस्टात टाकू नकोस. वाचलं तर तो काम सोडेल, आणि इतक्या वर्षांनी त्याचं नाव पोस्टरवर आलंय. त्याला नुसता मुरुक्कूचा डबा पाठव. वर लिही, मरायच्या आधी खाऊन घे.