याडीची लेंगी बाजारात

२३ मार्च २००८
घसा अजून बसलेलाच. काल याडीनं काकाला चिडवत होळीचं गाणं, लेंगी म्हटली, आमचा बंजाऱ्यांचा तांडा हसून लोळला. एरवी पदर ढळू न देणारी माझी आई होळीला काय सुटते! हातात काठी, पुढं काका पळतोय. सुनीलदादानं नव्या मोबाईलवर घेतलं. जेवताना सगळ्यांनी पाहिलं. याडी लाजली, पण "आनखी एकदा लाव" म्हणाली.

२ एप्रिल
कॉलेज सुटलं. जवळा बाजारच्या स्टँडवर पोरांचा घोळका, मधे मोबाईल. आवाज ओळखला. याडीचाच. आमची बोली त्यांना कळत नाही, तरी खिदळत होते. "तांड्याची बाई हाय, फुडं बघ." बसमध्ये कधी चढले, आठवत नाही.

३ एप्रिल
दादाला धरलं. शपथा घेतो, कुणाला दिलं नाही म्हणतो. मग उलगडलं. गाणी भरायला मोबाईलचं मेमरी कार्ड दुकानात दिलं होतं. दुकानदारानं गाणी टाकली आणि आतलं उतरवून घेतलं. आता जो गाणी भरायला जाईल त्याला माझी आई फुकट. दादा रडला. मी नको नको ते बोलले.

४ एप्रिल
याडीला सांगितलं. भाकरी थापत होती, थापतच राहिली. नंतर एवढंच, "मी तांड्यात गायले. दिराला गायले. बाजाराला न्हाई."

७ एप्रिल
दादाला घेऊन दुकानात. समोर उभं राहून कॉम्प्युटरमधून काढायला लावलं. "काढलं बघा ताई. पर लोकायच्या मोबाईलात गेलं त्याला मी काय करू?" मग पोलिसांकडे. जमादार म्हणाले, "नंगं काय हाय का त्यात? न्हाई ना? मंग कोणता कायदा लावू?" खत विकायला परवाना, रॉकेलला परवाना. दुसऱ्याची आई वाटायला काहीच नको?
सोडणार नाही.

१ मे
ग्रामसभा. ठराव काय, तर पोरींनी मोबाईल वापरायचा नाही, बायांनी लेंगी म्हणायची नाही. "बराबर हाय, बराबर हाय." उठले. काढणारा पोरगा, वाटणारा दुकानदार, बघणारे तुमी, अन् बंदी आमाला? काहून?
सरपंच : "तुझं मत तरी हाय का अजून? बस खाली."
मत नाही. पुढच्या वर्षी अठरा पूर्ण झाली की येईल. बसले मात्र नाही. गोंधळ झाला, ठराव पुढच्या सभेवर गेला. बा माझ्याकडं बघत नव्हता.

१५ ऑगस्ट
याडी सभेला आली! जन्मात पहिल्यांदा. मोडक्या मराठीत म्हणाली, "बंदी घाला. पर आधी ज्याच्या मोबाईलात मी हाय त्यानं हात वर करा."
सगळे जमिनीकडं बघताहेत. मग एक हात वर. बाचा.
"कुणीतरी धाडलं. पुसवंना मला. तुझा आवाज हाय."
याडी म्हणाली, "पुसा." बाला पुसता येईना. मी पुसलं.
त्यावर म्हातारे नाईक बोलले. तांड्यात त्यांचा शब्द मोडत नाहीत. ठराव फिरला. होळीला सगळे मोबाईल नाईकांच्या दारात, टोपलीत. विचारल्याशिवाय कुणाचं काही काढायचं नाही. दुकानांना नियम लावा म्हणून तहसीलला अर्ज. अर्ज मीच लिहिला.

१० मार्च २००९
घाईत. तहसीलचं उत्तर नाही. दोनदा जाऊन आले, बारावीचे पेपर संपले की परत जाणार.
टोपली भरली. डफ सुरू. मागच्या होळीनंतर याडी गुणगुणलीसुद्धा नाही. उंबऱ्यात बसलीय, काठी मांडीवर. "बाहेरगावची पोरं आलीत. त्यायचे घेतले?"
नाही घेतले. ती आमच्या ठरावात कुठं येतात?
टोपली घेऊन गेले. दोघांनी टाकले. तिसरा खिशावर हात ठेवून हसतोय, "मला कोण इचारनार?"
वही घरात टाकायला आलेय. त्याच्याकडं परत जातेय. याडी उठलीय, अजून गात नाही. माझ्याकडंच बघतेय.